डावीकडचे तीन फूट

सोलापुरात मोटारवाले आणि सायकलवाले यांच्यातील बहुतेक भांडणांची सुरुवात एकाच वाक्याने होते: ‘ओ मालक, कडेनं चला की!’ समोरच्याला झापतानाही ‘मालक’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत असल्यामुळे हे वाक्य ऐकायला अदबीचे वाटते. मात्र त्याच्या आधी आणि नंतर वाजणारा हॉर्न ती अदब पुरती धुऊन टाकतो. मी स्वतः दोन्ही पक्षांत मोडतो. कामासाठी चारचाकी चालवतो आणि पेठेतली किरकोळ कामे सायकलवर उरकतो, त्यामुळे दोघांचेही संताप माझ्या ओळखीचे आहेत. या ओळखीतून माझे एक मत बनले आहे: हे भांडण स्वभावाचे कमी आणि रस्त्याच्या डाव्या कडेच्या तीन फुटांचे जास्त आहे. सायकलवाल्याची नजर सतत त्या तीन फुटांवर असते आणि मोटारवाल्याला ते जवळजवळ दिसतच नाहीत.

चारचाकीत आपण उजव्या बाजूला बसतो. डाव्या चाकापलीकडे काय आहे, हे बॉनेटआड लपलेले असते, आणि रुंद टायरखाली बारीकसारीक गोष्टी आल्या तरी आत कळत नाही. सायकलवाल्याला मात्र त्या सगळ्या कळतात. डांबर संपते तिथून साईडपट्टी सुरू व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात जुन्या थरावर नवा थर चढत गेल्याने तिथे चार बोटांची पायरी तयार झालेली असते, आणि बारीक टायर तिच्यावरून एकदा खाली उतरला की हँडल कितीही वळवले तरी तो कडेला घासत राहतो, वर चढत नाही. पायरीच्या आत वाहनांनी बाजूला उडवलेली बारीक खडी आणि माती साचलेली असते, मध्येच रस्त्याच्या पातळीपासून खाली गेलेले ड्रेनेजचे झाकण असते, कुणाच्या तरी नळाचे पाणी वाहत आलेले असते, फळांची गाडी उभी असते आणि तिच्यापुढे, अर्थातच, ‘दोन मिनिटांसाठी’ लावलेली मोटार असते. शहाणा सायकलस्वार हे सगळे टाळून काठापासून थोडे आत चालतो. मागच्या मोटारीतून मात्र चित्र असे दिसते की मोकळी कड सोडून हा गृहस्थ रस्त्याच्या मधून रमतगमत निघाला आहे.

अशोक चौकाजवळ ऐकलेला एक संवाद याच संदर्भात आठवतो. यंत्रमाग कारखान्यातून सुटलेले एक वयस्कर कामगार सायकलवरून निघाले होते. कॅरिअरवर टॉवेलांचा गठ्ठा जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलेला आणि हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी. मागच्या मोटारीने बराच वेळ हॉर्न वाजवला आणि शेवटी शेजारी येऊन काच खाली करून तेच सुप्रसिद्ध वाक्य ऐकवले. कामगारांनी पाय टेकला, डावीकडे एकवार पाहिले आणि विचारले, ‘कड कुठंय? दाखवा की, जातो तिथनं.’ प्रश्नात राग नव्हता, खरीखुरी विचारणा होती. मोटारवाल्याने डावीकडे पाहिले, तिथे वाळूचा ढीग होता. काच वर गेली.

सायकल ‘अचानक’ आडवी येते, ही मोटारवाल्यांची कायमची तक्रार आहे. ती खोटी नाही. पण जो खड्डा सायकलस्वाराने वीस फुटांवरूनच हेरलेला असतो, तो मागच्याला सायकल वळल्यावरच दिसतो, म्हणून ते वळणे त्याला अचानक वाटते. शिवाय साध्या सायकलला आरसा नसतो. मागे कोण आहे हे पाहण्यासाठी मान उजवीकडे वळवली की खांदाही थोडा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळते आणि सायकल नेमकी ज्या बाजूला जाऊ नये त्या बाजूला हातभर सरकते. कॅरिअरवर ओझे असेल तर हे आणखी वाढते. अशा वेळी अगदी मागे येऊन हॉर्न वाजवला, तर दचकून मागे पाहणारा माणूस हॉर्नवाल्याच्याच चाकाकडे ओढला जातो. विनाकारण हॉर्न वाजवल्याबद्दल पहिल्या वेळी एक हजार रुपये दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. आपल्या चौकात तासभर उभे राहून ती अमलात आणली तर किती रक्कम जमेल, याचा हिशेब मी मनातल्या मनात अनेकदा केला आहे.

उभ्या मोटारीचे दार हा तर सायकलस्वाराचा खास शत्रू. आपल्याकडे डाव्या कडेला मोटार लावली की चालकाचे दार वाहत्या रस्त्यावर उघडते, आणि ते उघडताना मागे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. नेदरलँड्समध्ये दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. आपल्या चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडले तर धड आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्याकडे जाते. ब्रिटनने २०२२ साली हीच सूचना आपल्या वाहतूक नियमावलीत घातली, आणि शहरी वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे, असेही त्यात सांगितले. दीड मीटर म्हणजे जवळपास पाच फूट. नव्या पेठेत संध्याकाळी दोन माणसांमध्येही एवढे अंतर मिळत नाही, हे मान्य; पण होटगी रस्त्यावर किंवा विजापूर रस्त्यावर ते सहज मिळू शकते, आणि तिथेही कट मारून जाणारे आहेतच.

‘आम्ही रोड टॅक्स भरतो, सायकलवाले काय भरतात?’ हा युक्तिवाद मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकला आहे. शहरातल्या रस्त्यांसाठी महापालिकेच्या तिजोरीतूनही पैसा जातो आणि त्या तिजोरीत सायकलवाल्याची घरपट्टी जमा असते, एवढे उत्तर खरे तर पुरेसे आहे. पण इतिहासही काही कमी बोलका नाही. आजच्या घडणीची सायकल १८८५ साली इंग्लंडमध्ये आली आणि बेंझच्या मोटारीचे पेटंट १८८६ चे आहे. त्या पहिल्या मोटारीची तारांच्या आऱ्यांची चाके सायकलीच्याच वळणाची होती. हवेचा टायर डनलॉपने १८८७-८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला. अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची मागणी घेऊन सर्वात आधी सायकलस्वारांच्या संघटना उभ्या राहिल्या, तेव्हा तिथल्या रस्त्यांवर मोटारी नव्हत्या. मागून आलेल्या पाहुण्याने यजमानाला ओसरीवर बसवावे, असा हा प्रकार आहे.

सायकलवाल्यांची बाजू घेतो म्हणून त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. रात्री दिवा सोडाच, मागे लाल रिफ्लेक्टरही नसलेली सायकल समोरच्या अप्परच्या झोतात मोटारवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि त्या क्षणी त्याच्या पोटात जो गोळा येतो तो मी अनुभवला आहे. राँग साइडने येणारे तर पावलोपावली भेटतात. मात्र त्यामागे बेफिकिरी जेवढी, तेवढाच दुभाजकही आहे: दुभाजकातली मोकळी जागा लांबवर ठेवली तर तिथून वळून येणे मोटारीला मिनिटाभराचे होते, आणि दिवसभर मागावर उभ्या राहिलेल्या पायांना तेच अंतर जाताना आणि परत येताना असे दोनदा पायडल मारायला लावते. तरीही दोघांच्या चुकीची किंमत सारखी नसते. वेग तिप्पट झाला की धडकेचा जोर नऊपट होतो, आणि वजनाचा फरक वेगळाच. सायकलवाल्याची चूक बहुधा त्याच्याच हाडांवर येते, मोटारवाल्याचीही सायकलवाल्याच्याच हाडांवर.

गमतीचा भाग असा की सगळ्याच सायकलींना सारखी वागणूक मिळत नाही. पहाटे संभाजी तलावाच्या बाजूला हेल्मेट, घट्ट कपडे आणि लुकलुकता लाल दिवा घेऊन निघालेल्या सायकलस्वारांना मोटारी जरा लांबून वळसा घालतात, काही जण अंगठाही दाखवतात. तेवढीच जागा व्यापणारी डबेवाली जुनी सायकल दोन तासांनी त्याच रस्त्यावर आली की हॉर्न सुरू. एकाची सायकल हौस म्हणून दिसते, दुसऱ्याची अडचण म्हणून. आणि ज्याला वेळेवर पोचायचे आहे, तो नेमका दुसरा असतो.

या दुसऱ्याचा रस्ता आता लांबलाही आहे. शहराबाहेरच्या कुंभारीला २००६ साली विडी कामगारांची १०,००० घरे झाली, २०२४ च्या जानेवारीत तिथेच असंघटित कामगारांना रे नगर या वसाहतीतली १५,००० घरे मिळाली. हक्काचे घर ही मोठीच गोष्ट. पण त्या घरातून शहरातल्या कामावर सायकलने यायचे तर अक्कलकोट रस्त्यावर, मालमोटारींच्या आणि गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांच्या सोबतीने यावे लागते. तिथे पायरीवरून घसरणे म्हणजे केवळ गुडघा फुटणे नव्हे.

म्हणून सायकलींसाठी वेगळा मार्ग हवा, अशा घोषणा कानावर आल्या की मला त्याआधीची साधी कामे आठवतात: नवा थर टाकताना साईडपट्टी मुरूम भरून डांबराच्या पातळीला आणणे, ड्रेनेजची झाकणे त्याच दिवशी वर उचलून बसवणे, आणि झाडूवाल्या यंत्राने दुभाजकाइतकीच डावी कडही झाडणे. यासाठी कोणाची जमीन घ्यावी लागत नाही. अशोक चौकातल्या त्या कामगारांनी विचारलेली कड मग खरोखरच दाखवता येईल, आणि ती दाखवूनही कोणी मधूनच चालला, तर हॉर्न वाजवायला माझी हरकत नाही. एकदा, आणि जरा लांबून.