काकूंचा हप्ता का अडकला होता

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. पीएम किसानच्या, म्हणजे शेतकऱ्यांना केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांच्या, हप्त्याचं आमच्या घरात जे झालं ते इतक्या घरांत होतंय की आता लिहूनच टाकतो.

२०२३ च्या पावसाळ्यात आमचे काका गेले. सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावावर, पीएम किसान त्यांच्याच नावाने. ते गेल्याचं कुणी कळवलंच नाही, घरात दुःख होतं, त्यात हप्त्याचं कुणाला सुचणार, त्यामुळे पुढचे दोन हप्ते त्यांच्याच खात्यात पडत राहिले आणि मग बंद झाले. काकूंना वाटलं योजनाच बंद झाली. योजना चालूच होती. आणि मयताच्या खात्यात आलेले पैसे सरकार परत मागतं, ते आम्हाला भरावे लागले, ते वेगळंच.

मी म्हटलं, काकू, वारसनोंद केली का? तर म्हणाल्या, "अरे वाटणी झाल्यावर बघू, पोरं दिवाळीला येतील तेव्हा बसून ठरवतील."

इथेच सगळं अडतं बघा. वारसनोंद आणि वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसनोंद म्हणजे मयताचं नाव कमी होऊन सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर लागणं, बायको, मुलं, मुली सगळे. त्याने कुणाचा हिस्सा तुटत नाही, कुणाला काही सोडावं लागत नाही. कोणता बांध कुणाचा हे ठरवणं म्हणजे वाटणी, ती दहा वर्षांनी करा नाहीतर करूच नका. पण लोक वाटणीच्या भीतीने वारसनोंदच करत नाहीत आणि जमीन मेलेल्या माणसाच्या नावावर पडून राहते. हे इतकं सगळीकडे होतं की २०२५ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी जिवंत सातबारा नावाची मोहीम काढावी लागली.

आम्ही मृत्यू दाखला, वारसांची माहिती, प्रतिज्ञापत्र असं सगळं देऊन अर्ज केला, नोटिशीची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली आणि फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) मंजूर झाला. हे वाचायला सोपं वाटतंय पण यात किती फेऱ्या झाल्या ते काकूंच्या चपलांना माहीत. एका ऑफिसात तर सांगितलं की १ फेब्रुवारी २०१९ नंतर नाव लागलंय म्हणून तुम्ही बसतच नाही. हे चूक आहे! ती तारीख आहे खरी, म्हणजे त्यानंतर जमीन विकत घेतली असेल तर लाभ मिळत नाही, पण मालक वारल्यामुळे जमीन वारसाकडे आली असेल तर त्याला सूट आहे. काकू मान खाली घालून परत निघाल्या होत्या, मी सोबत नसतो तर विषय तिथेच संपला असता. याचा मला अजून राग येतो.

दुसरी अडचण घरातूनच आली. थोरला मुलगा पुण्यात कंपनीत आहे, इन्कम टॅक्स भरतो, मग आईला कसं मिळेल असं सगळे म्हणायला लागले. तर या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं, एवढंच. मोठ्या मुलाचा टॅक्स त्याच्यापुरता, त्याला स्वतःला लाभ नाही, आईचा त्याच्याशी संबंध नाही. हां, काकूंना स्वतःला महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन असती तर त्या बाद झाल्या असत्या (चतुर्थ श्रेणीतून रिटायर झालेल्यांना यात सूट आहे).

मग काकूंच्या नावाने नवीन नोंदणी. आता त्याला फार्मर आयडीही (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) लागतो, तो काढला. ई-केवायसीला (आधारवरून ओळख पटवायला) बोटांचे ठसेच उठेनात, चाळीस वर्षं खुरपं धरलेल्या हाताला रेषा कुठून राहणार, शेवटी मोबाईल ॲपवर चेहरा दाखवून झालं. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी हेच आधी करून बघा, ठशांसाठी हेलपाटे घालू नका.

आणि बँक. आपण फॉर्मवर जो खाते नंबर लिहितो तिथेच पैसे येतात असं वाटतं, पण पैसे जातात ते आधारला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) जे खातं जोडलेलं आहे त्यात. काकूंचं बचत गटासाठी एक खातं आणि लाडकी बहीणसाठी उघडलेलं दुसरं, पैसे आले दुसऱ्यात आणि आम्ही पहिल्याचं पासबुक भरून भरून बघत होतो.

लाडकी बहीणचं पण सांगून ठेवतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० मिळून १२,००० म्हणजे महिना हजार होतात, म्हणून अशा बाईला लाडकी बहीणचे १,५०० न मिळता वरचे ५०० मिळतात. काकूंना वाटलं कुणीतरी पैसे कापले, दोन दिवस जेवण गेलं नाही त्यांना. आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. काकूंची निम्मी जमीन गावातलाच एक जण बटईने करतो. पेरणी तो करतो, फवारणी तो करतो, सोयाबीन भिजलं तर नुकसान त्याचंही. त्याच्या नावावर जमीन नाही म्हणून त्याला पीएम किसान आणि नमो शेतकरी या दोन्ही योजनांतून रुपया मिळत नाही. काकू स्वतःच म्हणाल्या, "राबतोय तो आणि मेसेज मला येतोय." सातबारा धरून याद्या केल्या म्हणून वाटप लवकर झालं हे मला मान्य आहे, पण बटईवाल्याची नोंद कुठेच नसणं हे बरोबर नाही, त्यासाठी काहीतरी व्हायलाच पाहिजे.

परवा त्या बटईवाल्याच्या बायकोने सांगितलं की तिच्या माहेरी वडिलांच्या नावावर दीड एकर आहे, वडील जाऊन सहा वर्षं झाली, नाव अजून तसंच. तिलाही वारस म्हणून नाव लागतं हे तिला माहीतच नव्हतं. मृत्यू दाखल्याची नक्कल मागवलीय, ती आली की अर्ज टाकतोय.