भार वाढवला की वेगही वाढवणारी मोटर

विद्यार्थ्यांनी हाताने गुंडाळलेली डीसी मोटर चाचणीच्या टेबलावर होती. तीन दातांचं आर्मेचर (गुंडाळ्यांचा फिरणारा भाग), तांब्याच्या पट्टीतून कापलेला तीन तुकड्यांचा कम्युटेटर (गुंडाळ्यांतला करंट फिरवणारा फिरता स्विच), त्याला टेकणारे कार्बनचे ब्रश आणि ६ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. आर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड वेळ, व्होल्टेज, करंट आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) फाइलमध्ये नोंदवत होता. पुलीवरच्या दोरीचा ब्रेक मी ताणला तसा करंट ०.८ वरून १.६ अँपिअर झाला आणि फाइलमधला वेग २,४०० वरून ३,१०० वर गेला. मोटरचा आवाज मात्र स्पष्ट खाली उतरला होता.

अशा वेळी कोड उघडण्याआधी गणित करावं. ब्रशसकट आर्मेचरचा रोध १.५ ओहम मोजलेला होता. भार नसताना बॅक ईएमएफ (फिरणाऱ्या मोटरमध्ये वेगाच्या प्रमाणात तयार होणारं उलटं व्होल्टेज) ६ − ०.८ × १.५, म्हणजे ४.८ व्होल्ट, २,४०० आरपीएमला भागलं तर आरपीएममागे २ मिलिव्होल्ट. १.६ अँपिअरला बॅक ईएमएफ उरतो ३.६ व्होल्ट, म्हणजे वेग १,८०० च्या आसपासच हवा. फाइलमधला करंट खरा असेल तर वेग खोटा. खात्रीसाठी पुलीवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण केलं. एका फेऱ्याला आठ फ्रेम लागल्या, म्हणजे सेकंदाला ३० फेरे, १,८०० आरपीएम.

वेग मोजणारा सेन्सर फेऱ्याला एक पल्स देतो. मग सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक दोन पल्समधलं वेळेचं अंतर छापलं. मला वाटतं, मोटरच्या नोंदीत ही कच्ची अंतरंच सगळ्यात बोलकी असतात. बऱ्याच ओळींत ३३,३०० मायक्रोसेकंद दिसत होते, पण मधूनच २४,२०० आणि लगेच पुढे ९,१०० अशी जोडी येई. बेरीज पुन्हा ३३,३००. फेरा एकच होता आणि त्याच्या मध्ये कुठेतरी खोटा पल्स घुसत होता.

तो येत होता ब्रशच्या ठिणगीतून. तीन तुकडे आणि दोन ब्रश असले की एका फेऱ्यात सहा वेळा करंट एका गुंडाळीतून दुसरीकडे वळतो. तुटणाऱ्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गावर जाते, म्हणून करंट दुप्पट झाला की ती चौपट. भार वाढल्यावरच वेग ‘वाढला’ तो यामुळे. वेग मोजणाऱ्या ए३१४४ हॉल सेन्सरचं (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरचं) आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते तार फक्त खाली खेचू शकतं; वर ओढायला पुल-अप नावाचा रोधक लागतो. इथे त्याला फक्त ऊनोचा आतला पुल-अप होता, तोही २० ते ५० किलोओहमचा. इतक्या कमकुवत पुल-अपवरची लांब तार ठिणगी सहज पकडते.

दुरुस्ती ठिणगीच्या बाजूने सुरू केली. दोन्ही ब्रशवर, पाय अगदी आखूड ठेवून, १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कॅपॅसिटर. सेन्सरला बाहेरून २.२ किलोओहमचा पुल-अप, सिग्नल येतो त्या ऊनोच्या पिन २ जवळ ग्राउंडला १०३ चा (०.०१ मायक्रोफॅरड) कॅपॅसिटर, सिग्नल आणि ग्राउंडच्या तारा एकमेकींना पीळ देऊन. मोटरचा परतीचा करंट ब्रेडबोर्डच्या पट्टीतून न नेता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ०.१ ओहमच्या जंपरवर १.६ अँपिअरला ०.१६ व्होल्ट पडतात. करंट सेन्सरचं ग्राउंड त्यावर तरंगत असेल, तर ५ अँपिअरचा एसीएस७१२ हा करंट सेन्सर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देत असल्याने जवळपास ०.९ अँपिअरची चूक होते.

कोडमध्ये १०,००० मायक्रोसेकंदांपेक्षा लहान अंतर टाकून देणारी चाळणी मी शेवटीच लावतो. ती आधी लावली असती तर २४,२०० वरचा खोटा पल्स चाळणीतून निसटून खरा म्हणून मोजला गेला असता आणि ९,१०० नंतर आलेला खरा पल्स कचऱ्यात गेला असता.

इंटरप्टमध्ये, म्हणजे पल्स येताच मुख्य काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, फक्त मायक्रोसेकंदांची वेळ साठवायची, छपाई बाहेर. ती चार बाइटची संख्या ८ बिटचा कंट्रोलर एका दमात वाचत नाही, म्हणून वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करावे लागतात. करंटही एका वाचनावर सोडू नये. एका रीडिंगला सुमारे ०.११ मिलिसेकंद लागतात. पल्स ते पल्स एका पूर्ण फेऱ्याची, म्हणजे इथे जवळपास ३०० वाचनांची सरासरी घेतली की कम्युटेटरची लहर निघून जाते.

यानंतर १.६ अँपिअरला फाइलही १,८०० च्या आसपास स्थिरावली. ब्रेक तसाच ठेवून मोटर चालू दिली तेव्हा वेग हळूहळू उतरताना दिसला. या वेळी तो खरा होता: तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, आणि गुंडाळी ४० अंशांनी तापली की, ब्रशचा वाटा सोडून सगळा रोध तांब्याचा धरला तर, १.५ ओहमचे जवळपास १.७३ होतात.