जुळ्यांच्या गरोदरपणातला माझा आहार

माझी थोरली मुलगी पूर्ण दिवस भरून जन्मली आणि तिचे वजन तीन किलोच्या आसपास होते, त्यामुळे त्या वेळी आहाराचा वेगळा विचार करण्याची गरज पडली नव्हती. दुसऱ्या खेपेस मार्चमधील सोनोग्राफीत जुळी असल्याचे कळले. नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी सांगितले की, निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्मतात आणि अनेकांचे वजन अडीच किलोही भरत नाही. म्हणून आईचे वजन पहिल्या पाच-साडेपाच महिन्यांतच वाढायला हवे, कारण पुढे पोटात अन्नाला जागा उरत नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या 2009 च्या शिफारशींनुसार, आधी वजन योग्य असलेल्या स्त्रीचे एका बाळाच्या वेळी साडेअकरा ते सोळा किलो, तर जुळ्यांच्या वेळी सुमारे सतरा ते पंचवीस किलो वाढावे. माझी अंगकाठी लहान असल्याने बाईंनी त्यातील खालचा आकडा धरला.

हे ऐकायला सोपे वाटते. पण मळमळ थांबेपर्यंत नागपूरचा उन्हाळा सुरू झाला होता, आणि मे महिन्यात दुपारी ताट समोर आले तरी घास उतरत नसे. मोठी जेवणे सोडून दर दोन-अडीच तासांनी थोडे खाणे, हाच उपाय लागू पडला. सकाळी उकडलेले अंडे, नंतर ज्वारीच्या भाकरीचा चतकोर आणि घट्ट वरण, दुपारी दही-भात, संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे व गूळ. सासूबाई जवसाची चटणी वाटीत काढून भाकरीशेजारी ठेवत. तिच्यामुळे तोंडाला चव आली, हे मी आजही कृतज्ञतेने सांगते.

खरी अडचण रक्ताची होती. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले, म्हणजे गरोदरपणातील रक्तक्षयच. पहिल्या वेळी मी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत असे आणि कोणी हटकले नव्हते. या वेळी बाईंनी दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवायला लावले, कारण कॅल्शियममुळे लोह कमी शोषले जाते, चहाचेही तेच. लोह नीट शोषले जावे म्हणून गोळीबरोबर, उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी मृग बहाराची संत्री मिळत होती तोवर संत्रे आणि पुढे लिंबाचे पाणी घेऊ लागले. पावसाळ्यात आकडा पुन्हा 11 च्या वर आला, तेव्हा मला फार हायसे वाटले.

छत्तिसाव्या आठवड्यात प्रसूती झाली. एक बाळ अडीच किलोला किंचित कमी आणि दुसरे त्याहून लहान भरले. दोघांची वार (पोटात बाळाला पोषण पुरवणारा अवयव) वेगळी होती, म्हणजे धोका मुळातच कमी होता, व वाढही बऱ्यापैकी होती, तेव्हा याचे सगळे श्रेय आहाराला देणे मला योग्य वाटत नाही. धाकट्याला काही दिवस छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवावे लागले, दोघांना पाजताना भूक गरोदरपणापेक्षाही वाढली, आणि लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस चालू ठेवायच्या असल्याने लिंबू घरात येतच राहिले.