मापाच्या वहीतली कंबर

नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या बोळात माझं शिलाईचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. नेहमीच्या गिऱ्हाइकांची मापं मला तोंडपाठ असतात. पण मी ज्याला कंबर म्हणतो ती डॉक्टरांची कंबर नव्हेच, हे मला गेल्या श्रावणात कळलं.

पुरुष माणसाचं पोट सुटलं की पट्टा हळूहळू खाली सरकतो. मग गिऱ्हाईक छाती पुढे काढून सांगतं, "मास्तर, कॉलेजपासून छत्तीसच आहे बघा." असतेच छत्तीस. पोटाच्या खाली टेप धरली तर आणखी किती येणार? मी वाद घालत नाही. मागच्या शिवणीत दोन इंच माया सोडतो आणि गप्प बसतो. डॉक्टर मात्र टेप धरतात शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, तेही श्वास सोडल्यावर. माझ्या वहीत ३८ लिहिलेला माझा भाचा त्यांच्या टेपवर ४३ भरला. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० सेंटीमीटर, म्हणजे आमच्या भाषेत साडेपस्तीस. बायकांसाठी ८०. हे ऐकल्यापासून दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात दोनदा मापतो. वाईट खोड आहे, पण जडली.

तर भाच्याचं. वय ३१, वजन १०४, अंबडच्या कारखान्यात नोकरी, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. एका संध्याकाळी दुकानात आला, कटिंगच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला आणि म्हणाला, "मामा, माझं ग्रोथ हार्मोन संपलंय."

रिपोर्टमध्ये आकडा ०.०८ होता. जिममधल्या ट्रेनरने तपासणी करायला लावली होती आणि निदानही त्यानेच करून टाकलं होतं. हार्मोन नाही म्हणून पोट सुटलं, असंच राहिलं तर हृदयावर येईल, सहा महिने रोज रात्री पोटात एक इंजेक्शन घे. खर्च महिन्याला बावीस हजार. तेवढे जवळ नव्हते, म्हणून मामा आठवला.

एरवी मी हाकलून दिला असता. पण 'हृदय' म्हटल्यावर माझा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी माझ्याच रक्तवाहिनीत स्प्रिंग बसली आहे. म्हटलं, पैसे देतो, पण आधी हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवू. त्यांनी सांगितलं तर इंजेक्शनं माझ्याकडून.

डॉक्टर तरुण होत्या. आधी नुसते प्रश्न. लहानपणी डोक्याला मार लागला होता का? मेंदूचं ऑपरेशन? डोक्याला किरणोपचार? मग म्हणाल्या, "कधी साप चावलाय का?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. घोणस चावून वाचलेल्या काही जणांची पियुषिका ग्रंथी कायमची निकामी होते म्हणे. मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी ग्रंथी ती. हे हार्मोन तिथेच तयार होतं. भाच्याला साप चावला नव्हता. बाकीचंही काही झालं नव्हतं.

मग त्यांनी कागदावर एक रेघ ओढली, मधे मधे उंच सुळके काढले. हे हार्मोन दिवसभर सारखं वाहत नाही. उसळी येते, वीसेक मिनिटांत निम्मं ओसरतं. सगळ्यात मोठी उसळी रात्री, झोप लागल्यावर पहिल्या गाढ झोपेत. मधल्या वेळात धडधाकट माणसाच्या रक्तातही ते नसल्यासारखंच असतं. मला आमच्या पंचवटीतला नळ आठवला. दुपारी बाराला तोटी कोरडी निघाली म्हणून कोणी गंगापूर धरण आटलं असं म्हणत नाही. खरी कमतरता शोधायची तर ग्रंथीला औषधाने डिवचून मग रक्त घेतात, आणि तिथेही लठ्ठ माणसासाठी मोजपट्टी वेगळी लागते. त्यांनी आयजीएफ-१ तपासायला लावलं. या हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत ते बनवतं आणि ते तासातासाला वरखाली होत नाही. भाच्याचं ते व्यवस्थित आलं.

पण ट्रेनर पूर्ण खोटं बोलत नव्हता, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. पोटात, आतड्यांभोवती चरबी साठली की ग्रोथ हार्मोनच्या उसळ्या खरोखरच बुटक्या होतात. वाढलेलं इन्शुलिन आणि रक्तातली चरबी ग्रंथीला दाबून ठेवतात. बरं, चरबी जाळायला मदत करणारं हेच हार्मोन. ते कमी झालं की पोट आणखी सुटायला मोकळं. ज्यांची ग्रंथी आजाराने खरंच बंद पडते, त्यांच्यात कोलेस्टेरॉल वाढतं, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा थर जाड होतो. १९९० साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले.

मग लठ्ठ माणसाला टोचून का नाही द्यायचं? हा प्रश्न मी विचारला. भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

तेही करून झालंय. १९९७ साली स्वीडनमध्येच पोट सुटलेल्या ३० पुरुषांवर नऊ महिने प्रयोग झाला, काहींना हार्मोन, काहींना नुसतंच पाणी म्हणा. हार्मोनवाल्यांची पोटातली चरबी घटली, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाचा खालचा आकडाही उतरला. ऐकताना भाच्याने पहिल्यांदा मान वर केली. पण सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच लोकांच्या शरीरात इन्शुलिनचं काम बिघडलं होतं. नंतरच्या प्रयोगांतूनही तेच दिसत गेलं: चरबी थोडी हटते, स्नायू थोडे भरतात, काट्यावर वजन जवळपास तेवढंच राहतं आणि साखर वर सरकते. हृदयविकाराचे झटके यामुळे कमी झाले असं कोणी दाखवलेलं नाही. म्हणून लठ्ठपणावर हे औषध मंजूर नाही. अंगाला सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दाबून बोटांना मुंग्या, हे वेगळंच. आणि ज्यांच्या ग्रंथीतल्या गाठीमुळे हे हार्मोन वर्षानुवर्षं जास्त झरतं, त्यांचे हातपाय, जबडा वाढतो, तसं हृदयही जाड होत जातं, रक्तदाब वाढतो, मधुमेह होतो. कापड आखूड पडलं तर जोड देता येतो, पण इथे जास्त झालेलं कापायचं कसं, असं माझ्या डोक्यात आलं. बोललो नाही. डॉक्टरांसमोर धंद्यातल्या उपमा देऊ नयेत.

भाच्याचा रक्तदाब त्या दिवशी १४६/९४ होता. डॉक्टरांचं सगळं लक्ष त्यावर. रात्री घोरतोस का, दिवसा डुलक्या येतात का, हे विचारलं. उत्तर मीच दिलं, कारण दिवाळीत तो आमच्याकडे झोपला की शेजारच्या खोलीत आमची झोप उडते. झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी लिहून दिली. गाढ झोपच मोडली तर रात्रीची मोठी उसळी येणार कुठून? वजन उतरलं की दबलेली ग्रंथी बऱ्याच जणांत पुन्हा कामाला लागते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा भाच्याला, एकदा माझ्याकडे बघून. लग्नसराईत मी स्वतः रात्री दोनपर्यंत मशीनवर असतो, ते त्यांना कसं कळलं कोण जाणे.

बावीस हजार वाचले, त्यातून झोपेची तपासणी झाली. श्वास अडकतच होता. आता रात्री मास्क लावून झोपतो, रविवारची मिसळ चालू आहे, पण दुसरा पाव बंद. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. आठ महिन्यांत वजन ९६ झालं. डॉक्टरांच्या जागी टेप धरली तर साडेचाळीस. माझ्या वहीतली कंबर अजून ३७ आहे, त्यामुळे पँट आत घ्यायला तो उतावळा आहे आणि मी अजून कात्री लावलेली नाही.

मागच्या महिन्यात तो ट्रेनरच भाच्याची ओळख सांगून दुकानात आला. लग्नाचा सूट शिवायचा होता. छाती ४६, कंबर ३१, दोन्ही टेपांनी ३१. असं अंग आमच्या बोळात क्वचित येतं. बाहीचं माप घेताना तो उजव्या हाताची बोटं सारखी झटकत होता.

"मनगटाला जरा सैल ठेवा मास्तर," म्हणाला, "रात्री मुंग्या येतात, काय झालंय कळत नाही."

मी डॉक्टरांचा नंबर मापाच्या पावतीमागे लिहून दिला.