आंघोळीच्या वेळचा आकडा

आमच्या वृद्धाश्रमात सकाळी दहाला मी बीपीचं मशीन आणि रजिस्टर घेऊन निघते, तेव्हा सगळे नाष्टा उरकून व्हरांड्यात उन्हाला बसलेले असतात. कोणालाही विचारा, "आजी, दुखतंय का?" उत्तर ठरलेलं. "नाही गं बाई. वय झालं, एवढंतेवढं चालायचंच." रजिस्टरात शून्य. हा शून्य खोटा नसतो, पण कामाचाही नसतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचा गुडघा गप्प असतो, तो बोलतो उठताना.

सरकारी दवाखान्यात सर्जिकल वॉर्डात असताना मी वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आले, शून्य ते दहामध्ये किती? ऑपरेशन झालेला तरणा माणूस पटकन 'सहा' म्हणून मोकळा होतो. इथे तसं नाही. आमच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दहापैकी मार्क मी देत आले आयुष्यभर. तू कोण विचारणारी?" मार्केट यार्डात हिशेब लिहिण्यात उमर गेलेले एक आजोबा आहेत, त्यांना दहाची पट्टी काही केल्या पटेना. शेवटी तेच म्हणाले, "काल बारा आणे होतं, आज आठ आण्यावर आलंय." मला एवढं स्वच्छ उत्तर कोणी दिलं नव्हतं. आता त्यांच्या रकान्यात मी आणेच लिहिते, दहाच्या पट्टीवर बसवत नाही. त्यांचं कालचं दुखणं त्यांच्याच आजच्याशी ताडायचं, शेजारच्या खाटेशी नाही.

चेहऱ्यांचा तक्ताही लावून पाहिला. हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहरे. तो १९८० च्या दशकात अमेरिकेत टल्सा इथे डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी दवाखान्यातल्या लहान मुलांसाठी केला होता. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना ते चेहरे एकसारखेच दिसतात. एका आजोबांनी मात्र ठामपणे हसऱ्यावर बोट ठेवलं. का, विचारलं तर म्हणाले, "हा पोरगा बरा वाटतो."

पण हे सगळे निदान बोलतात तरी. खरी पंचाईत स्मृतिभ्रंश झालेल्यांची. आमच्याकडे एक आजी आहेत, स्टाफमध्ये त्यांचं नाव पडलं होतं 'मारकुट्या'. आंघोळीला नेलं की चिमटे, थपडा, शिव्या. रिपोर्टबुकात रोज एकच ओळ: 'आंघोळीला त्रास देतात.' अशी ओळ वाचून शांत राहण्याची गोळी सुरू झालेली मी इतर ठिकाणी पुष्कळ पाहिली आहे. आजींच्या घरचे तर विचारतच होते, सुरू करू या का म्हणून.

अशांसाठी पेनॅड नावाची पट्टी आहे, अमेरिकेत २००३ साली आलेली. माणूस काही सांगू शकत नसला तरी पाच गोष्टी नुसत्या बघायच्या: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होतं का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन, मिळून दहा. ऑस्ट्रेलियात ॲबीची पट्टी वापरतात, तिच्यात सहा बाबी आणि एकूण अठरा. मी पेनॅड निवडलं, कारण ते मावशींना शिकवता येतं. आणि शिकवायचं त्यांनाच होतं. अंघोळ घालणारी मावशी बघते ते मला दहाच्या राऊंडला कधीच दिसणार नाही.

तसंच झालं. पाच गोष्टी समजावल्यावर मावशी म्हणाल्या, "सिस्टर, त्या सगळ्याच वेळी मारत नाहीत. गाऊनची उजवी बाही घालताना बघा. डावीला काही नाही." दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात उभी राहिले. डावा हात निमूट बाहीत गेला. उजवा उचलायला घेतला, तशा आजींनी दात आवळले, कपाळावर आठ्या चढल्या, खांदा कानाकडे ओढला आणि मग थप्पड. व्हरांड्यात त्यांचा आकडा एक होता, न्हाणीघरात सात. उजव्या खांद्यावर त्या पूर्वी पडल्या होत्या. तो आखडत गेला आणि त्यांना ते सांगता आलं नाही.

डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात, एरवी फोनवर. 'त्रास देतात' ऐकलं की त्यांच्या डोक्यात वेगळी औषधं येतात. 'बसून एक, उजवा हात उचलताना सात' ऐकलं की खांदा येतो. आकड्याचा मला उपयोग आहे तो एवढाच. अंघोळीआधी तासभर पॅरासिटामॉल सुरू झाली, गाऊन पुढून उघडणारा शिवून घेतला, आणि दुखरा हात घालताना आधी, काढताना शेवटी, हे भिंतीवर चिकटवलं. आकडा तीनवर आला. पाणी गार असलं की आजी अजून शिव्या देतात, त्या मला रास्तच वाटतात.

हे काही माझंच निरीक्षण नाही. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या, चिडचिड-आक्रमकपणा करणाऱ्या ३५२ रहिवाशांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. काहींना आठ आठवडे दुखण्यावर पायरीपायरीने उपचार दिले, पहिली पायरी साधी पॅरासिटामॉल. बाकीच्यांची नेहमीचीच देखभाल चालू ठेवली. उपचार मिळालेल्यांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. साध्या तापाच्या गोळीपासून सुरू होणाऱ्या उपचाराला हे यश थोडं नाही.

तरी पेनॅडला मी डोक्यावर घेत नाही. त्यातला सात म्हणजे 'सातइतकं दुखतंय' नव्हे, तेवढ्या खुणा दिसल्या, एवढंच. लघवी तुंबली, शौचाला खडा झाला, भूक लागली, परका माणूस अंगाला हात लावतोय म्हणून भीती वाटली, तरी आकडा चढतो. उलट पार्किन्सनच्या बाबांचा चेहरा कोराच असतो, त्यांना दुखत असूनही कमी मार्क पडतात. म्हणून आकडा वाढला की आधी पोट, लंगोट, पाठीची कातडी, दात, पायाची नखं बघायची. मग डॉक्टरांना फोन.

आता रजिस्टरात प्रत्येकाला दोन रकाने आहेत, 'बसून' आणि 'हलताना'. तिसरा 'रात्री' आखला तो बरेच दिवस कोराच राहायचा. मजल्याला एकच मावशी, आणि त्यांना लिहायला येत नाही. मग त्यांनीच मार्ग काढला. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात, "सिस्टर, खिडकीजवळच्या बाबांना कुशीवर वळवलं, कण्हले, हात घट्ट धरला, पाठीवर हात फिरवला तरी थांबेनात. पाच धरा." सकाळी चहा घेता घेता मी ते उतरवून घेते आणि डॉक्टरांना सगळ्यांत आधी तोच रकाना वाचून दाखवते.