खडूचे गोल

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेचा मेसेज आला आणि डोळ्यासमोर आले ते आपले भूगोलाचे सर. गॅदरिंग, स्कॉलरशिप यावर बाकीचे लिहितीलच, मी सरांवरच लिहिणार.

मे महिन्यात भर दुपारी सर आम्हा वाडीतल्या चार-पाच पोरांना शाळेत बोलवायचे. वर्गाची दारं-खिडक्या लावून घ्यायचे, मग अंधारात जमिनीवर उन्हाचे ठिपके दिसायचे, काही रुपयाएवढे, काही नुसते तांदळाएवढे. "ऊन येतंय तिथनं पाणी पण येणार. काढ गोल." आम्ही खडूने गोल काढायचो, वर बघून फुटकं कौल हेरायचं, खालनं बांबूने टकटक केलं की वर बसलेले शिपाईकाका तेवढंच बदलायचे. एकदा सातवी ब मध्ये बाकाखालचा एक ठिपका मी मुद्दाम सोडला, भूक लागली होती. सर ओरडले नाहीत, स्वतः गुडघ्यावर बसले, बाक सरकवला आणि खडू माझ्या हातात दिला. मृगाच्या पहिल्या पावसात त्या कोपऱ्यात थेंब पडला नाही, आणि मी वर्षभर तिथंच बसलो.

आज चिपळूणच्या बाजारात माझं मेडिकल आहे. 2005 चा पूर बघितलेला. 2021 ला 21 जुलैच्या संध्याकाळी पाऊस थांबेना, पौर्णिमा तोंडावर म्हणजे भरतीला जोर, वाशिष्ठीचं पाणी खाडीत उतरणार कसं? शेजारचे म्हणाले, सकाळी बघू. मला तो बाकाखालचा ठिपका दिसत होता. मी आणि दुकानातला पोरगा रात्री उशिरापर्यंत खोकी वरच्या मजल्यावर नेत होतो, सगळ्यात आधी इन्सुलिन, ते 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, लाइट जाणारच हे धरून थर्माकोलच्या बॉक्समध्ये आइसपॅक लावून ठेवलं. 22 ला पाणी बाजारात शिरलं. काउंटर गेला, फर्निचर गेलं, पण पाणी उतरल्यावर चिखलात उभा राहून मी लोकांना इन्सुलिन दिलं, याचा मला खरंच अभिमान आहे.

आता शाळेला स्लॅब आहे, चांगलंच झालं, पण मे महिन्यात तिकडे कोणी फिरकत नाही आणि जुलैत गच्चीवरचा पाइप पाल्याने तुंबला की मग धावपळ, हे ऐकून जीव तुटतो.

त्या वर्षी गुरुपौर्णिमा 24 जुलैला होती. दरवर्षी मी सरांना फोन करतो, तेव्हा नेटवर्कच नव्हतं, लागला तो चार दिवसांनी. "औषधं कधी वर नेलीस?" मी म्हटलं, आदल्या रात्री सर. थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "जेवलास का?"