दोनशे मातीच्या शिट्ट्या आणि एक पाव आणा

माझं काम कस्टम क्लिअरन्सचं, त्यातही गॅलरीवाल्यांचा माल. पेंटिंग असेल तर कस्टमचा टॅरिफ कोड 9701, ओरिजिनल शिल्प 9703, काही डोकं लागत नाही. डोकेदुखी हे मल्टिडिसिप्लिनरी आर्टिस्ट. एका पेटीत प्रोजेक्टर, शिवणयंत्र, मीठ, माती, आणि इन्व्हॉइसवर एकच ओळ, 'इन्स्टॉलेशन'. तिकडेही हाच घोळ आहे म्हणा, 2010 मध्ये युरोपियन कमिशनने डॅन फ्लेव्हिन या आर्टिस्टचं ट्यूबलाइटचं काम लाइट फिटिंगमध्ये टाकलं, का तर कला म्हणजे फिटिंग नव्हे, त्यातून पडणारा उजेड.

तर मागच्या सीझनला एका बाहेरच्या बाईंचं काम एटीए कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर आलं. ड्युटी न भरता आणा, दाखवा, पण यादीतली वस्तू तीच्या तीच परत गेली पाहिजे. यादीत मातीच्या शिट्ट्या, नग दोनशे. आयडिया अशी की बघणाऱ्याने शिट्टी न्यायची आणि तिच्या जागी खिशातलं काहीतरी ठेवायचं. मी तेव्हाच म्हटलं, वाटायचा माल कार्नेटवर घेऊ नका, वेगळी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे नेहमीच्या आयातीचा कागद, करू. आर्टिस्ट शिल्पा गुप्तांच्या 'थ्रेट' या कामातले साबण लोक घरी नेतात हे क्युरेटर मंडळींना तोंडपाठ, पण नेलेला नग कागदावर कुठे दाखवायचा हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. "बघू हो," एवढंच उत्तर.

परत जाताना पेटी उघडली. नग बरोबर दोनशे, त्यात शिट्ट्या अकरा. बाकी लोकलची तिकिटं, सेफ्टी पिना, हळकुंड, गोळ्यांची रिकामी पाकिटं, कापसात गुंडाळलेला कुणाचा तरी दुधाचा दात. ऑफिसर तरुण पोरगा, चिडला नाही, एकेक वस्तू हातात घेऊन बघत बसला, आणि तांब्याच्या एका नाण्यावर अडकला. 1904, एडवर्ड राजाचा पाव आणा. शंभरीच्या वरचा, म्हणजे 1972 च्या कायद्याने अँटिक्विटी, पुरातन वस्तू, देशाबाहेर पाठवता येत नाही. "हा काढा, नेलेल्या शिट्ट्यांची ड्युटी भरा, बाकीच्याचं शिपिंग बिल करा." म्हणजे निर्यातीचा कागद.

आता किंमत काय टाकू? आर्टिस्टला फोन लावला तर म्हणे शिट्ट्या नुसतं निमित्त होतं, काम ते हेच. ऑफिसर म्हणे वापरलेल्या तिकिटाची किंमत शून्य. मला दोघांचंही पटत होतं. आणि 9703 म्हणावं तर घडवलं कुणी, त्या सगळ्या लोकांनी?

शेवटी नाममात्र किंमत टाकली, इन्शुरन्सही तेवढ्याचाच निघाला, त्या दातासकट. नाणं गॅलरीकडे राहिलं. त्याच्या जागी ऑफिसरच्या शेऱ्याची झेरॉक्स पाठवा, तीच लावते, म्हणाल्या बाई. ती कुरियरने गेली, डॉक्युमेंट म्हणून, त्यावर कुणी काही विचारलं नाही.